मानेवरचं बटण

रात्रपाळी करणारी माणसं दुपारी झोपतात. मीही डोळे मिटून पडले आहे, पण छातीवर तपासायची मुद्रितं उघडी आहेत आणि ओळी डोक्यात चालूच आहेत. ऑक्टोबरातली उकाड्याची दुपार. पंखा फिरतो आहे. खाली सोसायटीच्या आवारात कुणीतरी गादी बडवतं आहे. दोन दणक्यांमधलं अंतर वाढत चाललं आहे, आणि त्या अंतरात मी थोडी थोडी उतरते आहे.

मुद्रितं आमच्या दैनिकाच्या दिवाळी अंकाची आहेत. त्यात कुमुद ओगलेची लघुकादंबरी आहे. कुमुदने कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं, निवृत्तीनंतर विज्ञानकथा लिहिल्या, आणि श्रावणात ती गेली. कादंबरी पूर्ण आहे, फक्त शेवटचं अर्धं पान नाही. ते ती तोंडी सांगणार होती. संध्याकाळी पानं छापखान्यात जायची आहेत.

"हेमलताबाई, तुम्ही त्यांच्या जवळच्या," अंकाचे संपादक पाध्ये सकाळी फोनवर म्हणाले. "अर्धं पान लिहून टाका. रोबो बंद पडतो, मुलगी रडते, संपलं. वाचकाला शेवट लागतो."

गोष्ट अशी आहे. आक्का नावाची एकटी बाई आणि तिची देखभाल करणारी रोबो, रेवा. आक्का झोपेतच जाते. आक्का नाही म्हटल्यावर रेवाला कंपनी परत नेणार, पुसून कोरी करणार. रेवाला हे कळतं, आणि हे कळून तिला भीती वाटते. यंत्राने जागं होणं म्हणजे काय, ते कुमुदने एवढंच लिहिलं आहे. मग आक्काच्या परगावच्या मुलीचा फोन आला की रेवा आक्काच्या आवाजात बोलते. हुबेहूब. खोकल्यासकट. शेवटी मुलगी न कळवता येते आणि दाराशी उभी राहते. रेवाचं बटण मानेवर आहे, केसांच्या खाली. इथे पान कोरं आहे. मुलगी ते बटण दाबते की नाही, हे मला ठरवायचं आहे.

दणके थांबत नाहीत. फक्त ते आता आमच्या कार्यालयाच्या तळमजल्यावरून, छापखान्यातून येत आहेत. वर संपादकीय विभागात कुणी नाही. सगळ्या संगणकांवर एकच अर्धं कोरं पान लागलं आहे. माझ्या खुर्चीवर कुमुद बसली आहे.

"किती वेळ लावतेस गं हेमे," ती म्हणते. "पूर्वी पान हातात पडलं की चहा यायच्या आत हातावेगळं करायचीस."

"तू गेलीस," मी म्हणते.

"गेले की. बातमी तूच केलीस. चौकटीत टाकलीस, त्याबद्दल आभार. वय चुकवलंस."

"दाखल्यावरून घेतलं."

"दाखला खोटा आहे. शाळेत लवकर घालायचं म्हणून आप्पांनी वर्ष वाढवून सांगितलं होतं. तुमच्या पेपराने मला मेल्यावरही तेच वर्ष चिकटवलं."

मला हसू येतं, आणि लगेच जातं. वाढवलेल्या वयाची ही गोष्ट मी आजच वाचली आहे. कादंबरीत ती आक्काची आहे, शब्दन् शब्द तशीच.

निधनाची बातमी एकाच माणसाच्या सांगण्यावरून घ्यायची नाही, असा आमच्याकडे नियम आहे. दुसऱ्या कुणाकडून तरी खात्री करायची. एक गृहस्थ स्वतःची निधनवार्ता हातात घेऊन कार्यालयात आले होते, तेव्हापासूनचा. आयुष्यभर मी तो पाळला. समोर बसलेल्या कुमुदकडे बघताना मला तोच आठवतो.

"शेवट सांगायला आले आहे," कुमुद म्हणते. "लिहून घे. पण एक आधी सांगते, पाध्यांचं ऐकू नकोस. तिला बंद करू नकोस."

आम्ही कॉलेजच्या प्रयोगशाळेत आहोत. लांब टेबलांवर काचेच्या पेट्यांतली मोजयंत्रं ओळीने मांडलेली आहेत. कुठेही तार जोडलेली नाही, तरी प्रत्येकाचा काटा हललेला आहे. कुमुद टेबलांमधून पुढे जाते तसे काटे तिच्या बाजूला वळतात.

"हे कोण बोलतंय?" मी विचारते.

"कोण म्हणजे?"

"बंद करू नकोस, हे रेवाही म्हणाली असती. तुझ्याच आवाजात."

कुमुद हसते. "म्हणजे मी रोबो? अगं, माझ्याच गोष्टीतली माझ्यावर उलटवतेस होय?"

ती पुन्हा हसते. हे हसू आधीच्या हसण्यासारखंच आहे. आधी मध्ये जिथे श्वास अडकला होता, तिथेच तो पुन्हा अडकतो.

"तुला दही आवडतं का?" मी विचारते.

"शी. वाससुद्धा नको."

आक्कालाही नको असतं.

"पहिल्या तासाला वर्गात काय झालं होतं?"

"फळ्यावर लिहायला वळले आणि पदर टेबलाच्या खिळ्यात अडकला. पोरं हसली. मीही हसले. त्या दिवसापासून पिन लावते."

हेही कादंबरीत आहे. कुमुदने स्वतःचं सगळं आक्काला देऊन टाकलं आहे, आणि आक्काचं सगळं रेवाला पाठ आहे. मी विचारीन ते दोघींनाही सांगता येईल.

"हेमे, तू मला भेटते आहेस की माझी मुलाखत घेते आहेस?"

"खात्री करते आहे."

"कर बाई. पण मला जास्त वेळ नाही. तुझ्या पानांनाही नाही."

एसटी स्टँड आहे. फलाटावर गर्दी आहे आणि सगळ्यांची पाठ आमच्याकडे आहे. बायकांचे अंबाडे, पुरुषांच्या घामेजलेल्या माना. ध्वनिक्षेपकावरून गावांची नावं सांगणारा आवाज कादंबरीतली वाक्यं सांगतो आहे, गाडी सुटण्याच्या सुरात. कुणीही हलत नाही. मला दुसरा माणूस हवा आहे. बाकावर पिशवी मांडीवर घेऊन एक बाई बसली आहे. मी तिच्या मागे जाऊन उभी राहते.

"अहो, जरा सांगाल का? ही माझ्याबरोबर आहे ती कुमुद ओगलेच ना?"

बाई वळत नाही.

"हो, तीच," ती म्हणते. कुमुदच्या आवाजात.

फलाटावरचे दोघंतिघं माना हलवतात. "तीच, तीच," पुढून कुणीतरी म्हणतं. मग आणखी पुढून. सगळे आवाज कुमुदचे आहेत. खात्री एवढ्या माणसांकडून मिळते आहे आणि माझे हात गार पडत चालले आहेत.

कुमुद माझा दंड धरते. "चल इथून. तुला नेहमी गर्दीच लागते."

तिचं स्वयंपाकघर. ओट्याखालच्या जाळीच्या कपाटाला अजून कडी नाही, रबरबँड आहे. नळ चालू आहे पण पाण्याचा आवाज येत नाही. कुमुद ओट्याशी पाठमोरी उभी राहते, बटाटे सोलायला उभी राहायची तशी.

"बघायचंच आहे ना तुला? बघ." ती एक हात मागे नेते आणि अंबाडा वर उचलून धरते. "बटण असलं तर सापडेल. तोवर मी शेवट सांगते. ऐकून घे, मग हवं ते कर."

"आधी बघते."

"तुझं हे कायमचंच! सुनंदाला स्थळ आलं तेव्हाही आम्ही सगळे पोहे खात बसलो होतो, आणि तू जिन्यात जाऊन घराचं लाइटबिल कुणाच्या नावावर आहे ते बघून आलीस. माझी भाची आणि तपास तुझा. बरं, ऐक. मुलगी दाराशी उभी आहे. तिच्याकडे किल्ली आहे, पण ती बेल वाजवते."

मी उजवा हात पुढे करते. केसांच्या खाली, मान जिथे पाठीला मिळते तिथे बोट नेते. तिथे गोल, टणक उंचवटा आहे. कादंबरीत जिथे सांगितलं आहे अगदी तिथेच.

"रेवा आतून आक्काच्या आवाजात विचारते, कोण आहे," कुमुद सांगते. "मुलीला कळतं. आता हे नीट ऐक हेमे, सगळं यातच आहे. दार उघडतं, आणि मुलगी आत येऊन आधी"

मी दाबते.

लाइटबिल कादंबरीत नाही. कुठल्याच पानावर नाही. सुनंदाही नाही. हे माझ्या ध्यानात येतं तेव्हा बोट दाबलेलं आहे.

कुमुद बोलायची थांबली आहे.

"कुमुद," मी म्हणते. "आधी काय? आधी काय करते?"

अंबाडा धरलेला तिचा हात तसाच वर आहे. मी बोट काढून घेते. हात खाली येत नाही. मी तिच्यासमोर जाण्यासाठी ओट्याला वळसा घालते, आणि समोर येते ती तिची पाठच. पुन्हा दुसऱ्या बाजूने जाते. पाठ. उचललेला हात, उघडी मान. नळाचं पाणी ओट्यावरून फरशीवर येतं, आवाज न करता.

"कुमुदताई," मी म्हणते. असं मी तिला कधीच म्हटलेलं नाही. "माझं चुकलं. परत चालू कसं करायचं?"

कादंबरीत ते दिलेलं नाही.

फोन वाजतो आहे. उशीखाली. खिडकीतलं ऊन भिंतीवरून उतरून फरशीवर आलं आहे, खाली गादी बडवणारं कुणी नाही. तोंडाला कोरड पडली आहे. मी फोन कानाला लावते.

"झालं का अर्धं पान?" पाध्ये विचारतात. "मशीन लावून बसलेत ते लोक."

"नाही झालं."

"अहो, काय हे! बंद पाडा ना त्या रोबोला. दोन वाक्यांचं काम आहे."

"मी नाही पाडणार."

"मग जिवंत ठेवा, काहीतरी करा."

"तेही नाही. मुलगी दाराशी उभी आहे, तिथेच थांबवा. खाली कोरी जागा राहू दे. जाहिरात टाकू नका तिथे."

"वाचक शिव्या घालतील हेमलताबाई. पान गळलं म्हणून फोन करतील."

"मी घेईन ते फोन."

ते काहीतरी पुटपुटतात आणि फोन ठेवतात.

मी उठून बसते. मुद्रितं मांडीवर घसरली आहेत, शेवटचं पान वर आहे, आणि त्याच्या कोऱ्या भागावर माझी उजवी तर्जनी टेकलेली आहे. ती उचलताना कागद बोटाला चिकटून थोडा वर येतो.

बोटाच्या पेराला तेल लागलं आहे. आधी वाटतं, यंत्राचं. छापखान्यातल्या सगळ्या वस्तूंना येतो तो काळपट वास मला चांगला ठाऊक आहे. मी बोट नाकाशी नेते. जास्वंद, मेथीदाणे, आणि खोबरेल जरा जास्त तापल्याचा वास. कुमुद रविवारी लोखंडी कढईत हे तेल करायची आणि दर वेळी थोडं करपवायची. माझ्या घरात असलं तेल नाही. मी केसांना कधी लावत नाही.

डाव्या हाताने मी स्वतःची मान चाचपते. केसांच्या खाली, पाठीला मिळते तिथे, गोल आणि टणक उंचवटा आहे. मणका. प्रत्येकाला असतो.

कागदावर बोट होतं तिथे तेल उतरून कागद पारदर्शक झाला आहे, आणि खालच्या पानावरची अक्षरं वर दिसू लागली आहेत. डाग अजून पसरतो आहे.