न विचारणाऱ्या सोनवणेबाई

सोनवणेबाई कुणालाच काही विचारत नसत. जेवलात का, काल का आला नाहीत, मुलीचा निकाल काय लागला, असले चार लोकांत सहज विचारले जाणारे प्रश्न त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. बँकेतली नोकरी सोडून मी बिबवेवाडीतल्या त्या लहानशा ऑफिसात गेलो, तेव्हा पहिले काही महिने मला हा शिष्टपणाच वाटला. एकदा न राहवून तसं बोललोही. त्या शांतपणे म्हणाल्या, "दिवसभर लोकांचं न विचारता कळतं. निदान इथं तरी, जे आपणहून सांगतील तेवढं पुरे."

आमचं कामच तसं होतं. पुण्यात तेव्हा कंपन्या वाढत होत्या, टेबलाटेबलावर कॉम्प्युटर आले होते. कुणी बाहेरून घुसलं, कुणी आतूनच माहिती फोडली, की आम्हाला बोलावणं यायचं. बाई हार्ड डिस्क काढून आणत, तिची तंतोतंत नक्कल करत आणि मूळ डिस्क सील करून कपाटात ठेवत. मग त्या नकलेत काय पुसलंय, काय लपवलंय, ते दिवसेंदिवस बघत बसत. खुर्ची भिंतीकडे, स्क्रीन कुणाला दिसू नये अशी. डबाही तिथंच, एकटीनं.

बोलणं कमी, पण तिरकस. एकदा एक साहेब बंद पडलेला कॉम्प्युटर पाच-सहा वेळा चालू-बंद करून, म्हणजे डिस्कवरच्या खुणा तेवढ्याच वेळा पुसून, घेऊन आले. बाई म्हणाल्या, "पुरावा बराच शिल्लक दिसतोय. आणखी एकदा चालू करून बघायचा होता."

मोघ्यांचं प्रकरण आलं तेव्हा मी त्यांच्याबरोबर होतो. मोघे एका कारखान्यातले जुने ड्राफ्ट्समन. ड्रॉइंग बोर्डावर आयुष्य गेलेलं, उतारवयात कॉम्प्युटर शिकलेले. एका नव्या पंपाची ड्रॉइंग्ज दुसऱ्या कंपनीकडे पोचली आणि संशय त्यांच्यावर आला. त्यांना घरी बसवलं होतं. मॅनेजरनी कॉम्प्युटरमधल्या नोंदींचा कागद पुढे केला. "एक वाजून दहा मिनिटांनी फाइल कॉपी झालीय. त्या वेळी खोलीत मोघे एकटेच डबा खात असतात. आपण फक्त सही करा."

बाईंनी कागद दोनदा वाचला. "ही वेळ ग्रीनिचची आहे. आपल्याकडे तेव्हा सात वाजायला वीस मिनिटं होती. मोघे किती वाजता जातात?"

"साडेपाचच्या बसनं," मॅनेजर म्हणाले.

"मग कोणी केलं?" त्यांनीच विचारलं.

"ते शोधायला वेळ लागेल. कोणी केलं नाही, ते आज सांगते."

बाईंनी तेवढ्यावर सोडलं नाही. घरून काही पाठवलं असेल अशी शंका कुणी काढू नये म्हणून मोघ्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवरचा सगळा मेलचा पत्रव्यवहारही वाचून काढला. पंधरा दिवसांनी त्याच विभागातला दुसरा माणूस सापडला. मोघे कामावर परत गेले आणि पेढे घेऊन आमच्याकडे आले.

मी आत जाऊन सांगितलं, "बाई, मोघे आलेत. भेटायचं म्हणतात."

"मी नाही म्हणून सांगा."

"अहो, तुमच्यामुळे त्यांची अब्रू राहिली."

त्यांनी स्क्रीनवरची नजर काढली नाही. "दर रविवारी ते मुलाला मेल लिहितात. दोन वर्षांत एकाचंही उत्तर नाही. मुलानं वाचलं की नाही कोण जाणे, मी सगळं वाचलंय. आता त्यांच्यासमोर बसून पेढा कसा खाऊ?"

मोघे अर्धा तास बसून गेले. ते रस्ता ओलांडेपर्यंत बाई खिडकीशी उभ्या होत्या.

सहा वर्षं आम्ही शेजारी बसलो. मग बाई आजारी पडल्या आणि महिन्याभरात गेल्या. येरवड्याला त्यांच्या अंत्यविधीला ऑफिसातून आम्ही तिघं होतो.

आठवड्यानं त्यांचे भाऊ त्यांचा लॅपटॉप घेऊन आले. "पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात ठेवायला ताईचा एकही धड फोटो नाही. पासवर्ड कुणाला माहीत नाही. तुमचं कामच हे, उघडून बघता का? आम्हाला तसं तिचं फारसं काही माहीत नव्हतं."

लॅपटॉप दोन दिवस माझ्या टेबलावर होता. उघडायला तासही लागला नसता. त्या कुणाला लिहीत होत्या का, कुणाचं उत्तर येत होतं का, मला फार जाणून घ्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी स्क्रू ड्रायव्हरही हातात घेतला आणि खाली ठेवला. भावाला सांगितलं, उघडत नाही. ऑफिसच्या ओळखपत्राचा फोटो मोठा करून दिला.

त्यांनी तो बराच वेळ पाहिला. "तुम्ही इतकी वर्षं बरोबर होतात. कशी होती हो ताई?"

"कामाला फार पक्क्या होत्या," मी म्हणालो.

मी आणखी काही सांगेन म्हणून ते थोडा वेळ थांबले. मग लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून जिना उतरून गेले.