टायर किती जणांच्या हिशेबाने

गाडी घेतली तेव्हा जठारपेठेत ज्याला तोंड होतं तो बोलला. भिक्षुकाच्या घरची सून, नवरा जाऊन काही वर्षं झालेली, आणि घेतलं काय, तर दोन दारांची, जमिनीला टेकलेली, गडद निळी स्पोर्ट्स कार! तीही जुनी, नागपूरच्या एका डॉक्टरांनी विकायला काढलेली. मी म्हटलं, बोला. नोकरी अमरावतीच्या कॉलेजात, अकोल्याहून जाणं-येणं माझं, आणि हायवेवर स्टिअरिंग हातात असताना जे बरं वाटतं तेही माझंच. बाहेरच्यांना मी भीक घातली नाही.

पण घरात सासू-सासरे काहीच बोलले नाहीत, आणि तेच मला खुपत होतं. त्यांना मी लग्न होऊन आले तेव्हापासून आई-बाबाच म्हणते. ते दोघे आणि मी, एवढंच आता आमचं घर. त्या गाडीत दोघं एकदाही बसले नव्हते. विषय निघाला की आई गुडघ्यावर हात ठेवायच्या. आपला मुलगा गेला आणि ही मजेत गाडी फिरवते, असं यांच्या मनात असेल, असं मी धरून चालले होते. एरवी मी कुणाचं ऐकून घेणारी नाही, पण हे विचारायला मात्र माझी जीभ उचलत नव्हती.

मग टायर झिजले. मी ठरवलं, आता रुंदच घालायचे. कितीतरी दिवस मोबाइलवर फोटो बघत बसले होते. रुंद टायर घातले की ही गाडी काय पाय रोवून उभी राहते! अडचण अशी की रुंद टायर आतल्या बाजूने शॉकअपला घासतो. म्हणून चाकाच्या मागे स्पेसर घालायचा, म्हणजे धातूची एक चकती, तिच्यामुळे चाक थोडं बाहेर सरकतं. चकती पातळ पडली तर चाक आत घासणार, जाड झाली तर बाहेर मडगार्डच्या कडेला. आणि गाडीत माणसं बसली की मागचा भाग खाली दबतो, मग ती कड थेट टायरवर येते.

जुन्या शहरातल्या टायरवाल्याला फोन केला. हातात भांडी होती म्हणून स्पीकर चालू ठेवला होता.

"रिकामी गाडी मापून फायदा नाही, म्याडम," तो म्हणाला. "मांगं दोन पोते गहू टाकून आना. अन् थोडी चिकनमाती आना. मडगार्डच्या आतून चिपकवतो, गाडी ब्रेकरवरून नेतो. टायर घासला तं मातीवर लगेच दिसते."

"पोते काहून?" स्वयंपाकघरातून आईंचा आवाज आला. "आमी नाही काय? अन् माती कुठं शोधत बसतं? पुरीची कनिक घट्ट मळून देते मी."

"अन्न हाये ते," बाबा पेपरामागून म्हणाले.

"चार पुऱ्या कमी खा तुमी," आई म्हणाल्या, आणि परात काढलीसुद्धा.

मी गाडी घेऊन पुढे गेले, ते दोघं मागून आटोने आले. दुकानासमोर आईंना मागच्या सीटवर बसवणं हा एक सोहळाच झाला. आधी डोकं, मग एक पाय, मग बराच वेळ देवाचं नाव, मग दुसरा पाय. मागे तशा दोन जागा, पण बाबांचं शरीर तिथे मावणं शक्य नव्हतं. ते धोतर आवरून पुढे बसले. जाणारे-येणारे थांबून बघत होते. आईंनी काचेतून त्यांच्याकडे असं पाहिलं की दोघं-तिघं आपल्या वाटेने निघून गेले.

ते येण्याआधी टायरवाल्याने रुंद टायर आणि जाड स्पेसर तात्पुरते चढवून मडगार्डच्या आतून कणीक लावली होती. मी एकटीने गाडी ब्रेकरवरून नेली, तेव्हा कणीक जशीच्या तशी होती. दोघांना घेऊन नेली, तर कणकेवर टायरचा काळा ठसा उमटला. टायरवाल्याने तो बोटाने दाखवला.

"तुमी एकल्या असान तं रुंद टायर अन् जाड स्पेसर, बिनधास्त. मांगं मानसं बसत असन तं जरा कमी रुंदीचा टायर घ्या अन् पातळ स्पेसर. सांगा, नेहमी कितीजन बसता?"

"मी एकटीच," मी म्हटलं. खरंच होतं ते.

"एकटी काहून?" मागून आई कडाडल्या. "तीनजन सांग त्याले!"

मी वळून पाहिलं. "आई, तुमचे गुडघे..."

"गुडघे माह्ये दुखतात, तुले काय त्याचं? तू एकडाव तरी म्हनलं काय, चला म्हनून? आमाले वाटलं, तुले एकटीले जायाचं असन. तुह्या मनासारखं काहीतरी राहो, म्हनून आमी गप बसलो."

मी त्यांना भीत होते आणि ते दोघं मला मोकळीक देत होते. वर, मी कधी बोलावते याची दोघंही वाट बघत होते.

आईंचं अजून संपलं नव्हतं. शेजारच्या मोकळ्या सीटवर त्यांनी थाप मारली आणि टायरवाल्याला म्हणाल्या, "तीन नाही, चौघायच्या हिशेबानं टाक."

"चौथं कोन, मावशी?"

"आता कोनी नाही." मग माझ्याकडे बघून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुही अख्खी जिंदगी पडली हाये व पोरी. उद्या कोनी आलं, तं त्याले काय आटोनं आनशीन?"

मी भर रस्त्यात रडले. लाज वाटली नाही. ज्यांचा मुलगा गेला, त्याच आईंनी माझ्या गाडीत दुसऱ्या माणसासाठी जागा धरायला सांगावं, हे ऋण मी कशाने फेडणार? फेडायचंही नाही मला. ते असंच राहू दे माझ्यावर.

रुंद टायरचा विषय तिथेच संपला. बाबा अजून समोरच बघत होते. आयुष्यभर त्यांनी लोकांची लग्नं लावली. धोतराच्या सोग्याने त्यांनी डोळे पुसले आणि टायरवाल्याला म्हणाले, "चौघायचेच टाक भाऊ. अन् मांगं जागा जरा मोठी होत असन तं पाह्य. येनारा मानूस माह्याएवढाबी असू शकते."