भोंग्याआधीचा फोन

त्याची जवळजवळ उभी हयात धरणाच्या दरवाज्यांवर गेली. टर्बाइनवर किती पाणी सोडायचं, कालव्याला किती द्यायचं, पाणी फार वाढलं तर नदीत किती सोडायचं, हे साहेब ठरवायचे. कळ दाबायचा तो. "घरातल्या कपाटाचं दार याला धड लावता येत नाही, आणि म्हणे धरणाचे दरवाजे सांभाळतो!" असं बायको चारचौघांत म्हणायची. तोही हसायचा.

त्याची थोरली बहीण खाली नदीकाठी राहायची, हॉस्पिटलच्या चादरी खडकांवर धुवायची. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचं मोठं केलेलं. दरवाजे उघडण्याआधी भोंगा द्यायचा आणि थोडं थांबायचं, असा नियम. हा पठ्ठ्या भोंग्याच्याही आधी बहिणीला फोन लावायचा. "ताई, ऊठ, पाणी सोडतोय." ती चादरी गोळा करायची आणि तिचं बघून सगळा काठ उठायचा. भोंग्याला कोण विचारतो? तो चाचणीलाही वाजायचा, बिघडला की उगाचही वाजायचा.

त्या दिवशी त्याची दाढ काढायची होती. रजा टाकून तो डॉक्टरच्या खुर्चीत आ वासून पडला होता. फोन बायकोच्या पिशवीत, बंद. वर डोंगरात पाऊस कोसळला, जलाशय तुडुंब झाला. बदली माणसाने नियमाप्रमाणे भोंगा दिला, नियमाप्रमाणे थांबला आणि दरवाजे उचलले. त्या बिचाऱ्याचं काहीच चुकलं नाही.

पाणी दिसल्यावर बाकीचे कसेबसे निघाले. ताई पार पुढच्या खडकावर होती, ती गेली. शेजारीण रडत सांगत होती, "मी हाका मारल्या हो. म्हणाली, थांब गं, भावाचा फोन कुठे आलाय अजून?"

चौकशीत त्याचं नावही निघालं नाही. कुणी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं त्याला. पुढे ऑफिसने त्यालाच काठावरच्या वस्त्यांवर भोंग्याची माहिती द्यायला धाडलं. भोंगा झाला की सामान टाका आणि पळा, कुणाची वाट बघू नका, असं तो जीव तोडून सांगायचा. लोक माना डोलवायचे.

एका वस्तीवर सभा उठल्यावर एक म्हातारी जवळ आली. "बाबा, ते भोंग्याचं माझ्या काही डोक्यात शिरत नाही. त्यापेक्षा तुझा नंबर दे. पाणी सोडताना तूच एक फोन करत जा."

"नाही देणार, आजी," तो म्हणाला आणि भर रस्त्यात हमसून हमसून रडायला लागला.

म्हातारी गांगरली. "अरे, नंबरच तर मागितला," ती म्हणाली.