खंडेनवमीचा रंग

ती घटना विसरलो, असं मी घरच्यांना सांगत आलो. ते खोटं होतं.

मी तेव्हा सोलापुरात फौजदार होतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एका गिरणीच्या ब्लीचिंग खात्यात, म्हणजे कापड रसायनांनी पांढरं करतात तिथे, छताचा जड लोखंडी दिवा निखळून मुकादमाच्या डोक्यात पडला. मुकादम जागीच गेला.

पंचनाम्यात मी लिहिलं, 'बाकी सर्व दिवे सुस्थितीत.' दिवे रुपेरी रंगात चमकत होते. मग चांगला दिवा आपोआप पडेल कसा? दुपारी खबर आली, गिरणीचा वायरमन मुकादमाशी कडाडून भांडला होता. 'एक दिवस डोक्यात पडंल तुमच्या,' असंही म्हणाला होता. मला तेवढं पुरलं. शुक्रवार पेठेतल्या घरातून त्याला उचललं. कलम खुनाचं, फाशीही झाली असती.

चौकशीत त्याचं एकच. "साहेब, तितल्या वाफांनी लोखंड खाल्लंय. चिनी मातीचं होल्डर अन् पितळी कड्या द्या म्हणून तर भांडलो की!"

"दिवे नव्यासारखे आहेत," मी म्हणालो.

"खंडेनवमीच्या पूजेला वरनं रंग मारलाय. तुमी खरवडून बगितलं का?"

फौजदाराला असं कोणी विचारत नसे. मी थोबाडीत मारली. त्याच खंडेनवमीला आम्हीही ठाण्यातल्या बंदुका चकचकीत करून पुजल्या होत्या. मला सुचायला हवं होतं.

चार दिवस तो तेच सांगत राहिला. खोटं बोलणारा दर वेळी काहीतरी वाढवतो. हा एक शब्द वाढवत नव्हता.

पाचव्या दिवशी पंच घेऊन गेलो, शिडीवर चढलो आणि शेजारचा दिवा ज्या कडीला टांगला होता ती चाकूने खरवडली. रंगाखालून गंजाचे पापुद्रे सुटले; कडी बोटांनी मोडली. दाराशी एक दिवा वायरमनने हट्टाने स्वतःच्या मनासारखा बसवला होता, चिनी मातीचा, पितळी कडीचा. दोन वर्षांत त्यावर हिरवट डाग तेवढे पडले होते.

वरिष्ठ म्हणाले, "पहिला पंचनामा तुमचाच ना? तोंडघशी पडाल."

"पडतो, साहेब." दुसरा पंचनामा लिहिला. पहिला चुकीचा होता, हेही त्यात लिहिलं.

सुटताना वायरमन गालावर हात ठेवून म्हणाला, "चाकू झकास हाय की, साहेब. चार दिस आदी काढायचा."

पुढे चाकू खिशात असल्याशिवाय मी पंचनाम्याला गेलो नाही. खरवडून पाहिल्याखेरीज 'सुस्थितीत' लिहिलं नाही. ती थप्पड मात्र कुठल्याच कागदावर आली नाही. मीच मारली होती. तो खरं बोलत होता, म्हणूनच मारली होती.