पडद्यांच्या दुकानातलं बेट

गिऱ्हाईक पडदा निवडायला आलं, की ताई आधी खिडकीचं तोंड कुठे ते विचारायच्या. पूर्वेला असेल तर जाड अस्तर, उत्तरेला असेल तर नुसती जाळी. मग टेप काढून मापं घ्यायच्या, चुण्या किती धरायच्या ते ठरवायच्या. या सगळ्यात त्यांचं अर्धं मन कुठे असायचं, हे फक्त त्यांच्या नवऱ्याला ठाऊक होतं. तो आतल्या खोलीत मशीनवर शिवत बसायचा. ताईंनी एखादं माप दोनदा विचारलं, की मशीन थांबवून म्हणायचा, "गेली वाटतं स्वारी बेटावर!"

बेट खरं होतं. फक्त ताईंनी ते पाहिलेलं नव्हतं.

फार वर्षांपूर्वी ताई आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात एम.ए. करत होत्या. हो, याच पडदे विकणाऱ्या ताई. त्या विभागाची एक रीत होती. पहिल्या दिवशी सरांच्या टोपीतून प्रत्येकाने चिठ्ठी उचलायची, आणि चिठ्ठीत जो देश निघेल त्याची बाजू शिक्षण संपेपर्यंत मांडायची. हजेरीला सर मुलांची नावं घेतच नसत, देशांची घेत. आणि उत्तर म्हणून 'हजर' म्हणायचं नाही, तर त्या देशातली ताजी बातमी सांगायची. एका मुलाला महासत्ता निघाली. तो पुढे बरेच दिवस जमिनीपासून चार बोटं वरून चालत होता, आणि त्याचं नावच महासत्ता पडलं. ताईंना निघालं एक बेट. नकाशात माशी बसून गेल्यासारखा ठिपका. सगळा वर्ग हसला. पण समुद्र त्या ठिपक्याला दरवर्षी थोडं थोडं खातोय हे वाचलं, आणि ताई अशा भांडायला लागल्या की महासत्तेला घाम फुटला.

परीक्षा झाली आणि ताईंच्या वडिलांनी अंथरूण धरलं. दुकान ताईंच्या गळ्यात पडलं. बाकीची मंडळी वकिलातींत आणि परिषदांत पांगली, ताई कापडाचे ताके लावत राहिल्या. बेट मात्र सुटलं नाही. सकाळी दुकान उघडलं, की आधी फोनवर तिथल्या भरतीची वेळ बघायची, तिथलं चार पानी वर्तमानपत्र वाचायचं, आणि मग झाडू हातात घ्यायचा. दुपारी गिऱ्हाईक नसलं, की ताई दुकानातल्या निळ्या जाळीच्या पडद्यांमध्ये जाऊन उभ्या राहायच्या. पंख्याने जाळ्या फुगायच्या, ऊन त्यातून गाळून यायचं आणि हातांवर हलत राहायचं. दुकान, रस्ता, समोरचा चष्मेवाला, सगळं हळूहळू पाण्याखाली जायचं. फार बरं वाटायचं त्यांना तेव्हा. याहून जास्त माणसाने मागू नये, असं त्या स्वतःला सांगायच्या, आणि बऱ्याचदा ते पटायचंही.

विभागाचं माजी विद्यार्थ्यांसाठीचं वार्तापत्र वर्षातून एकदा यायचं. त्यातलं 'कोण कुठे' हे पान सगळे आधी उघडत. अमका सचिव झाला, तमकी करार करून आली, कुणाला जुळं झालं. जुळ्यांबरोबरचा फोटोसुद्धा करारावर सही करतानाचा वाटावा असा. ताईंच्या वर्गाच्या बातम्या गोळा करायचं काम त्यांच्या एका वर्गमित्राकडे होतं. त्याला कॉलेजपासून सगळे बातमीदार म्हणत, कारण त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. तो दरवर्षी फोन करायचा, आणि ताई म्हणायच्या, "माझं काय रे, नेहमीचंच. पुढच्याला विचार."

यंदा त्याने गंमत म्हणून जुन्या हजेरीसारखं नुसतं बेटाचं नाव पुकारलं. ताईंचं उत्तर आपसूक बाहेर पडलं, "पाणी शाळेच्या पायरीला लागलं. शाळा टेकडीवर हलवायचं काम चालू आहे. बाकं गेली वर, फळे राहिलेत."

"शाब्बास!" म्हणत त्याने ते तसंच लिहून पाठवलं. वर्गातल्या कुणालाही वाचून हसू आलं असतं. पण विभागात नवीन आलेल्या संपादिकेला ना चिठ्ठ्या माहीत, ना हजेरी. तिने मजकूर आपला नीटनेटका केला आणि छापला: सध्या बेटावर वास्तव्य, तिथल्या शाळेच्या स्थलांतराचं काम पाहतात.

झालं! मुलंबाळं झालेल्यांना आणि सचिवांना बाजूला सारून सगळे ताईंचंच कौतुक करायला लागले. बातमीदाराला वाटलं, ताईंनीच मागाहून कळवलं असेल, आणि बाकी वर्गालाही छापलेलं खरंच वाटलं. खुद्द महासत्तेने फोन करून सांगितलं, "आपल्यातलं खरं काम तू केलंस." ताईंनी 'बरं' म्हणून फोन ठेवला. खोटं त्या बोलल्या नव्हत्या, पण खरंही सांगवेना.

"अगं, सांगून टाक की," नवरा म्हणाला.

"सांगते हो. थोडे दिवस राहू द्या मला तिथे."

आणि विभागाचं बोलावणं आलं: वार्षिक मेळाव्यात मुलांपुढे बेटाबद्दल बोला. आता आली का पंचाईत! ताई गेल्या. बोलायला उभ्या राहिल्या आणि आधी नजर गेली ती सभागृहाच्या पडद्यांकडे. समोरचे पडदे मळलेले होते, चुण्याही वेड्यावाकड्या. ते बघूनच त्यांना जरा धीर आला.

"मी त्या बेटावर कधीच गेलेले नाही," त्या म्हणाल्या. "माझं पडद्यांचं दुकान आहे." मग टोपीतल्या चिठ्ठीपासून शाळेच्या फळ्यांपर्यंत सगळं सांगून टाकलं. लोक हसले, मग टाळ्या वाजल्या, महासत्तेने तर डोळे पुसले. झाकली मूठ उघडूनही सव्वा लाखाचीच राहिली म्हणायची.

मेळावा संपल्यावर एक मुलगी ताईंजवळ आली. आधी वर्षभर मराठी शिकून यंदाच विभागात आलेली, त्याच बेटावरची. इतक्या वर्षांत बेटावरचं माणूस कधी समोर आलंच नव्हतं.

"काकू, आमचं बेट म्हणजे तुमचा वर्गातला खेळ होता?"

"होता," ताई म्हणाल्या. "सुरुवातीला. नंतर नाही राहिला."

मुलीने जरा विचार केला. "रोज भरतीची वेळ बघता म्हणालात. मग एकदाही आला का नाहीत?"

ताईंकडे कारणं ढीगभर होती. वडिलांचं आजारपण, दुकान, नवऱ्याचे गुडघे. खरं कारण त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. त्यांना भीती वाटायची. गेलो, आणि तिथे आपलं काहीच नसलं तर?

"येईन ना," त्या म्हणाल्या. "कधीतरी निवांत."

"माझ्या आजीचं घर गेलं, काकू. आता आमच्या अंगणात पाणी येतं." तिच्या आवाजात राग नव्हता. "आई म्हणते, ज्याला यायचंय त्याने आम्ही आहोत तोवर यावं."

ताई घरी आल्या तेव्हा नवरा एका पडद्याची दुमड घालत होता. त्या त्याच्यासमोर स्टुलावर बसल्या.

"अहो, दुकान महिनाभर बंद ठेवू या. मला जायचंय. मला खूप भीती वाटतेय, पण जायचंय. तुम्ही याल?"

या वेळी त्याने थट्टा केली नाही. तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढून ठेवल्या.

"मला पोहता येत नाही गं."

"मला तरी कुठे येतं?" ताई म्हणाल्या.