सेतुरावांचं फोल्डर

सेतुराव समोरच्याला बोलतं करायचे आणि स्वतः मान उजवीकडे कलवून ऐकत राहायचे. मी सांगलीहून तंजावरच्या कार्यालयात रुजू झाले, त्या दिवशी माझी दोन वाक्यं ऐकून म्हणाले, "तुमची मराठी फार पळते, अम्मा. आमची तीनशे वर्षं इथंच बसली आहे."

पस्तिशीत त्यांची दृष्टी गेली होती. पडद्यावरचा मजकूर संगणक त्यांना वाचून दाखवी, तोही इतका भरधाव की मला एक शब्द कळत नसे.

कालव्यांच्या पाण्यावर लक्ष ठेवून गावांना कळवणं हे आमचं काम. एके दिवशी त्यासाठी नवं संकेतस्थळ आलं. रंगीत नकाशे, आलेख, सगळं देखणं. सेतुरावांच्या कानात मात्र नुसतं 'बटण, बटण, बटण'. बटणांना नावंच दिलेली नव्हती. प्रमुख मॅडमनी त्यांना टेलिफोनवर बसवायचं ठरवलं. त्या दुपारी सेतुरावांनी दहीभाताचा डबाही उघडला नाही. संध्याकाळी मॅडमकडे जाऊन एवढंच म्हणाले, "मज एक आठवडा द्या. मग टेलिफोन."

आठवड्यात त्यांनी एक प्रोग्राम लिहिला. त्यामुळे ती सगळी वेब सेवा त्यांच्या संगणकावर साध्या फोल्डरसारखी दिसू लागली. एकेका कालव्याचं फोल्डर, आत एकेका दरवाजाची फाइल. प्रत्यक्षात डिस्कवर काहीच नसे. फाइल उघडली की प्रोग्राम त्याच क्षणी एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रामांसाठी ठेवलेल्या वेगळ्या दारातून, सेवेला विचारी आणि आलेलं उत्तर, पाण्याची पातळी नि ती मोजल्याची वेळ, मजकूर म्हणून पुढे ठेवी. "फाइल उघडाया मज येतं," ते म्हणाले, "मग नवं काय शिकायचं?" मॅडम हसल्या, पण टेलिफोनचा हुकूम मागे घेतला नाही. "महिनाभर पाहू," म्हणाल्या.

त्याच महिन्यात एका सकाळी सेतुरावांनी मला हाक मारली. "पापनाशमकडचा दरवाजा पाहा, अम्मा."

मी संकेतस्थळ उघडलं. "हिरवा आहे. सगळं ठीक."

"मी तीनदा फाइल उघडली. तीनदा सात वाजून दहाच सांगते. पाणी तेवढंच राहील, वेळ कशी राहील?"

मी घड्याळ पाहिलं. साडेनऊ. त्यांनी लगेच तिथल्या रखवालदाराला फोन लावला. तो मोपेडवरून गेला, तर मोजणीयंत्र शेवाळात अडकून बंद पडलेलं आणि पाणी बांधाच्या काठाशी टेकलेलं. त्यानं धावत सांडव्याचं दार उघडलं. खालच्या शेतांतली भाताची रोपं वाचली. फोन ठेवून सेतुराव म्हणाले, "सरी, ठीक झालं. आता जेवूंया." तेव्हा पुरते दहाही वाजले नव्हते.

टेलिफोनचा विषय मॅडमनी पुन्हा काढला नाही. उलट पुढची प्रणाली बनू लागली तेव्हा अभियंत्यांना त्यांनी आधी सेतुरावांकडेच पाठवलं.

ते अभियंते आले, नेमक्या त्याच दिवशी मी तंजावर सोडलं. निरोप घ्यायला गेले, तर खोलीतल्या सगळ्या संगणकांचे पडदे बंद होते. पाच डोळस अभियंते काळ्या पडद्यांसमोर बसून कान देऊन ऐकत होते आणि सेतुराव त्यांना दटावत होते, "पाहू नका हो, ऐका! आता सांगा, कुठं अडलां?"

त्यांना थांबवावंसं वाटलं नाही. मी दारातूनच म्हटलं, "येते, सेतुराव." माझ्या आवाजाच्या दिशेनं त्यांनी हात उंचावला आणि पुन्हा कामाला लागले.