बाबांचा त्रिशूल

आईच्या आजाराचं निदान झालं त्याच आठवड्यात सीताबर्डीच्या आमच्या ऑफिसात एक प्रशिक्षण होतं. मरण्याआधी आयुष्यात काय करायचं आहे, ते प्रत्येकाने डोळे मिटून ठरवायचं होतं. कुणी परदेश म्हणालं, कुणी स्वतःचं घर. मी डोळे मिटले तर मला गावाकडे, खाप्याच्या घरात खाटेवर पडलेली आईच दिसली. औषधांचा आता फारसा उपयोग नाही, त्यांना काय हवं-नको ते बघा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या दिवसांत माझी श्रद्धा पार डळमळली होती. जिने कधी काही मागितलं नाही, तिच्याच वाट्याला हे का, या विचाराने देवापुढे हात जोडावेसे वाटत नव्हते.

रविवारी खाप्याला गेलो आणि तिला विचारलं, "तुझी काही इच्छा राहिली आहे का?"

ती हसली. "आता काहून विचारून राहिला गा? मले इमानात बसवतं काय?" मग जरा थांबून म्हणाली, "तुया बापाचा त्रिशूल तेवढा महादेवाले पोचला पायजे."

बाबा दुसऱ्यांच्या हातमागावर विणायचे. पोरगा कॉलेज पास झाला तर पचमढीच्या चौरागडावर त्रिशूल वाहीन, असा त्यांचा नवस होता. आमच्या घराण्यातली पहिली पदवी मला मिळाली, पण निकालाआधीच बाबा गेले. पुढे नोकरी, लग्न, मुलं यांत नवस तसाच राहिला.

आमच्याकडे महाशिवरात्रीला लोक महादेवाला जातात ते जथ्थ्याने. वाटेत त्रिशूल जमिनीला टेकवायचा नाही, म्हणून एक थकला की दुसरा खांदा देतो. हे लहानपणापासून ठाऊक असूनही मी एकटाच निघालो. नवस माझ्यासाठी होता, तेव्हा त्रिशूल माझ्याच खांद्यावरून जाईल, असं मी मनाशी धरलं होतं. लोहाराकडून माझ्या उंचीचा, चांगला जड त्रिशूल घडवून घेतला. "ऑफिसचा जिना चढताना धाप लागते तुम्हाला," बायको म्हणाली. मी ऐकलं नाही.

चौरागडाच्या अर्ध्या चढावर श्वास पुरेना. डोळ्यांपुढे अंधारी आली. त्रिशूल खाली ठेवता येईना आणि उचलून पुढेही जाता येईना. आईला जाऊन काय सांगू, एवढंच मनात येत होतं. त्या क्षणी बऱ्याच महिन्यांनी तोंडातून आपोआप "महादेवा" निघालं.

"भाऊ, एकटेच आले काय?" मागून आवाज आला. मौद्याकडच्या जथ्थ्यातली एक बाई होती, वयाने माझ्यापेक्षा मोठी, कपाळभर भस्म लावलेली. मी मान हलवली. "अरे देवा! लग्नाले एकटा नवरदेव निघाला मनायचा. द्या इकडे."

"बाबांचा नवस आहे. मलाच न्यायचा आहे," मी कसंबसं म्हणालो.

"देवाचं वझं हाय ते. तुमच्या एकट्याच्या मालकीचं हाय काय? बसा तिथं."

तिने त्रिशूल खांद्यावर घेतला. पुढे तिच्याकडून तो दुसऱ्याने घेतला, त्याच्याकडून तिसऱ्याने, आणि बघता बघता गर्दीत दिसेनासा झाला. मी पायरीवर बसून रडलो. लाज वाटत होती, पण छातीवरचं कसलंतरी दडपणही उतरत होतं.

हळूहळू वर पोहोचलो, तर मंदिराजवळ त्रिशुलांचं रान उभं होतं. लहान, मोठे, नवे, गंजलेले. त्यात आपला शोधून काढणं शक्यच नव्हतं. शेवटी मी त्या सगळ्यांनाच हात जोडले.

उतरताना ती बाई भेटली. एका वळणावर फुटाणे खात बसली होती.

"आमच्या लोकायनं वर नेऊन ठेवला बरं, भाऊ. पण नाव इचारायचं राहून गेलं. मंग देवाले म्हटलं, खाली तो दमलेला भाऊ बसला हाय ना, त्याच्या बापाचा हाय हा."

मी वाकून तिच्या पाया पडलो. "मले काय पाया पडता," असं म्हणत तिने माझ्या हातावर फुटाणे ठेवले.

घरी आल्यावर आईपासून काहीच लपवलं नाही. माझ्या हातून पोहोचला नाही, हेही सांगितलं. ती किती तरी वेळ हसत राहिली. "इतक्या लोकांनी खांदा देल्ला? तुया बापाले लय आवडलं असतं गा." त्या रात्री ती शांत झोपली. पुढे पोळ्यापर्यंत ती आमच्यात होती आणि महादेवाचा विषय निघाला की येईल त्याला ही गोष्ट सांगायची. तिचा आजार बरा झाला नाही. पण मला जे पेलवत नव्हतं ते कुणीतरी उचलून घेतलं होतं, आणि त्यानंतर तिचं जाणंही मला देवाच्या स्वाधीन करता आलं. तेवढ्यासाठी मी त्याचा जन्मभर ऋणी आहे.

या शिवरात्रीला पुन्हा गेलो होतो, रिकाम्या खांद्याने. चढावर एक म्हातारबाबा त्रिशूल घेऊन थबकलेले दिसले. त्यांना पायरीवर बसवून मी तो घेतला, थोडं अंतर चाललो आणि पुढच्या खांद्यावर दिला. नाव विचारायचं माझ्याकडूनही राहिलं. मग वर पोहोचल्यावर महादेवाला तेवढंच सांगितलं, खाली ते दमलेले बाबा बसले आहेत ना, त्यांचा आहे.